पुढच्या मिस्त्रीसाठी

बिघडलेली वस्तू घेऊन कुणी आलं की आमचे मिस्त्री आधी वस्तूकडे बघत नसत, आणणाऱ्याकडे बघत. हातातलं काम खाली ठेवत, चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, "हव, आता आवाज काढा."

आवाज म्हणजे मशीनचा. बंद पडण्याआधी ते जसं वाजत होतं तसं, माणसाने तोंडाने वाजवून दाखवायचं. शिपाई बिचकत नसत, लगेच घर्रघर्र करून मोकळे होत. साहेब लोकांची पंचाईत व्हायची. चौथ्या मजल्यावरचे एक मोठे अधिकारी स्वतःच्या खोलीतल्या ब्लोअरची तक्रार घेऊन तळघरात आले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं, दार लोटून घेतलं आणि हळूच "घूं, घूं, टक" असं केलं. यांनी गंभीरपणे विचारलं, "टक आधी, का घूं आधी?" अधिकाऱ्यांनी विचार केला आणि पुन्हा पहिल्यापासून करून दाखवलं. मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले होते. मला हसू आलं नाही, कारण अधिकारी मनापासून करत होते.

नव्या रायपुरातल्या काही इमारतींच्या देखभालीचं काम आमच्या कंपनीकडे होतं. पंप, पंखे, कूलर, ब्लोअर, जे जे फिरतं ते सगळं. त्यातलं जे थांबे ते तळघरात, पार्किंगच्या मागच्या खोलीत, यांच्याकडे येई. खोलीत एक लांब टेबल, हाताने फिरवायचं वाइंडिंगचं यंत्र, तांब्याच्या तारेची रिळं आणि वॉर्निशचा वास. कंपनी त्यांना मिस्त्रीजी म्हणे. मी पुढे काका म्हणू लागले. त्यांचे वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले होते. हे इथेच वाढले, तात्यापाऱ्याच्या मागच्या गल्लीत राहत, दिवसभर हिंदी आणि छत्तीसगढी बोलत. उन्हाळ्यात डब्यात बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, आणि कांदा. बुद्ध पौर्णिमेला मात्र अख्ख्या तळघराला पुरेल एवढी खीर.

मला त्यांच्याकडे पाठवलं त्याचं कारण वेगळं होतं. कंपनी एक ॲप बनवत होती. फोनला मशीनचा फोटो दाखवायचा, आवाज ऐकवायचा, आणि फोनने बिघाड सांगायचा. त्यासाठी कुणीतरी जाणत्या मिस्त्रीजवळ बसून तो काय बघतो, काय म्हणतो, काय करतो ते टिपून घ्यायला हवं होतं. मी मराठी, मिस्त्री मराठी, तेव्हा ते माझ्याशी मोकळं बोलतील, असा आमच्या सरांचा हिशेब. माझं मराठी फक्त कानांपुरतं होतं हे सरांना ठाऊक नव्हतं. घरी आईबाबा मराठीत बोलायचे, मी हिंदीत उत्तर द्यायचे. शाळा सगळी इंग्रजीत. बोलायचा प्रसंगच येऊ नये अशी माझी व्यवस्था मी लहानपणापासून लावून ठेवली होती, कुठल्याही भाषेत.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय बिघडलं तुहं?"

मी म्हटलं, कुछ नहीं.

"मग काहून आली?"

दुसऱ्या दिवशी मी माझा टेबल फॅन घेऊन गेले. तो खरोखरच वाजत होता, पण खरं म्हणजे हातात काहीतरी असलं की मला खोलीत शिरणं सोपं जातं. त्यांनी चष्मा वर केला. "काढ आवाज." मी फोन पुढे केला. आदल्या रात्रीच रेकॉर्ड करून ठेवला होता, चांगला स्वच्छ. त्यांनी फोन परत केला.

"मोबाइलनं काय ऐकलं ते नाही पाहिजे मले. तू काय ऐकलं ते पाहिजे."

पुढे कधीतरी त्यांनी समजावून सांगितलं. फोन सगळंच ऐकतो. रस्त्यावरची गाडी, शेजारचा टीव्ही, सगळं सारखंच. माणूस मात्र तेवढाच आवाज काढतो जेवढा त्याला खटकला, आणि खटकलेलाच आवाज बिघाडाचा असतो. हे मी शब्दशः टिपून सरांना पाठवलं. सरांनी 'इंटरेस्टिंग' एवढंच कळवलं.

माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. त्यांनी आग्रह केला नाही, फॅन फळीवर ठेवून दिला. मे महिना होता. माझ्या खोलीतला छताचा पंखा गरम हवा ढवळण्यापलीकडे काही करत नसे. मी रोज त्या खोलीत बसायचे, टिपायचे, आणि फॅन फळीवरून माझ्याकडे बघायचा. अकराव्या दिवशी, ते तारा कापत असताना, त्यांची पाठ माझ्याकडे होती तेव्हा मी म्हटलं, "खर्र... टिक. खर्र... टिक."

ते वळले नाहीत. "टिक मान वळते तवा, का नेहमी?"

"घूमती है तब. उजवीकडे."

तेवढाच शब्द मराठी निघाला. त्यांनी फॅन उतरवला आणि दुपारपर्यंत दुरुस्त केला. स्विच मात्र मला दाबायला लावला. हीही त्यांची रीत होती. दुरुस्त झालेलं मशीन मालकाने सुरू करायचं आणि त्या वेळी हे मशीनकडे पाठ करून, भिंतीला तळवा लावून उभे राहायचे. डोळे मध्ये आले की कान आळशी होतात, म्हणायचे.

कॉइल गुंडाळताना वेढे मोजायचे ते मराठीत, मोठ्याने. मध्ये कुणी काही विचारलं तर अंगठा वर करायचे, म्हणजे थांबा. एकदा इमारतीत आगीची कवायत होती. भोंगा वाजला, सगळे मैदानात जमले, आणि हे हातात अर्धी कॉइल घेऊन मोजत मोजत बाहेर आले. गार्ड यादी घेऊन प्रत्येकाला नाव विचारत होता. यांच्यापाशी आला तेव्हा हे म्हणाले, "एकशे चौतीस." गार्डने तसंच लिहून घेतलं.

पण त्यांची खरी ओळख व्हायची ती मशीन उघडल्यावर. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूचं झाकण लावण्याआधी ते आत एक चिठ्ठी ठेवायचे. मोटरच्या खाचांमध्ये तारेखाली घालतात तो जाड पिवळसर कागद, उष्णतेने न जळणारा. त्याचा बोटभर तुकडा. त्यावर पेन्सिलीने, कारण शाई वॉर्निशने पसरते. काय बिघडलं होतं, काय केलं, पुढे काय जाईल. वर नेहमी एकच ओळ: पुढच्या मिस्त्रीला नमस्कार. मजकूर हिंदीत, पुढचा कोण असेल सांगता येत नाही म्हणून. मात्र स्वतःचं काही चुकलं असेल तर तेवढं वाक्य मराठीत असायचं. मी विचारलं, ऐसा क्यों? ते थोडे लाजले. म्हणाले, "चूक आपल्याच भाषेत कबूल होते बाप्पा. दुसऱ्या भाषेत ते सूचना वाटते."

त्या चिठ्ठ्यांवर मी मराठी वाचायला शिकले, हे सांगितलं तर माझी आई रडेल. 'घाईत बुश उलटा बसवला होता. माझी चूक.' 'गिऱ्हाईक खरं बोलत होतं, मी ऐकलं नाही. माझी चूक.' माझं पहिलं मराठी वाचन हे असं आहे.

त्या इमारती उभ्या राहिल्यापासून हेच मिस्त्री होते. म्हणजे जवळजवळ प्रत्येक यंत्र एकदा तरी त्यांच्या हाताखालून गेलेलं, आणि जवळजवळ प्रत्येकात चिठ्ठी. हे मला माहीत होतं. माहीत असून मी त्याचा विचार केला नाही.

पावसाळा संपल्यावर ॲप तयार झालं आणि सरांनी एक महिन्याची चाचणी ठरवली. वस्तू बिघडली की मिस्त्रींनी झाकण न उघडता, ऐकून, आपला अंदाज बंद पाकिटात द्यायचा. ॲपनेही आपलं उत्तर द्यायचं. महिन्याच्या शेवटी पाकिटं उघडायची. ॲप पुरेसं बरोबर निघालं तर तळघरातली खोली बंद होणार होती. नवी माणसं फोन घेऊन फिरतील, फोन सांगेल तो भाग बदलतील, जळालेल्या मोटरी टेम्पोने बाहेर वाइंडिंगला जातील. सरांनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वाटत होतं, हे मी लिहून ठेवते. काकांनाही त्यांनी स्वतः येऊन सांगितलं. काका म्हणाले, "हव." आणि तारेचा सुटलेला वेढा पुन्हा मोजायला लागले.

चाचणीची पद्धत लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी लिहिलं: ॲपला मशीनवरच्या पाटीचा फोटो, अर्ध्या मिनिटाचा आवाज, झाकण उघडल्यावर आतला फोटो.

महिना संपताना मी आलेली पाकिटं उघडून सगळी उत्तरं जुळवायला बसले. ॲप जवळपास सगळीकडे बरोबर होतं. एका कूलरच्या पंपाचं उत्तर असं होतं: सील गेली आहे, बाजारातली स्वस्त सील लावू नका, ती एक उन्हाळाही काढत नाही. मी ते दोनदा वाचलं. स्वस्त सीलची चीड फोनला कुठून आली? मी आतला फोटो मोठा केला. कोपऱ्यात, तारांच्या मागे, पिवळसर कागदाचा तुकडा होता. पेन्सिलीची अक्षरं स्पष्ट दिसत होती.

मग मी सगळे फोटो मोठे केले. जिथे चिठ्ठी दिसत होती तिथे ॲप बरोबर होतं. ते मशीन ऐकत नव्हतं. काकांची चिठ्ठी वाचून काकांनाच हरवत होतं. आणि आतला फोटो घ्यायला मी सांगितलं होतं.

एकच पंप वेगळा होता. त्याचा फोटो अंधारात काळा आला होता, चिठ्ठी दिसतच नव्हती. तिथे ॲपने फक्त आवाज ऐकून सांगितलं होतं, बेअरिंग. आणि काकांच्या पाकिटात होतं, कॉइल. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच त्या पंपात लिहून ठेवलं होतं, पुढच्या वेळी कॉइल जाईल, आणि ते त्यांना पाठ होतं. त्यांनी बेअरिंग फिरवूनही पाहिली नाही. चांगली वाइंडिंग सगळी उकलली, मग चूक कळली. पुन्हा गुंडाळायला दोन दिवस गेले होते. ते दोन दिवस ते मोठ्याने मोजत नव्हते, हे मला तेव्हा नुसतं विचित्र वाटलं होतं.

मी खाली गेले. काय झालं ते त्यांना सांगितलं, अडखळत, अर्धं हिंदीत अर्धं मराठीत. चाचणीचे चार दिवस उरले होते. मी म्हटलं, काका, निदान एवढे चार दिवस फोटोआधी चिठ्ठ्या काढून घेऊ.

ते पंपाचं झाकण लावत होते. "काढू काहून? चिठ्ठी पुढच्या मिस्त्रीसाठी आहे. पुढचा मिस्त्री माणूस राहील का मशीन, हे मी ठरवणारा कोण?"

"काका, आपकी नौकरी..."

"नोकरी माही आहे. चिठ्ठी लिहिली का माही राहत नाही."

मग म्हणाले, "मशीन चिठ्ठी वाचून राहिली ना? लोकं तर वाचतही नाहीत."

झाकण अजून पुरतं बसलं नव्हतं. आत त्यांनी नुकतीच ठेवलेली चिठ्ठी मी पाहिली. हा तोच पंप होता. पाकिटं मी सोडून कुणी पाहिली नव्हती, पण ॲप काय म्हणालं ते साइटवरच्या माणसांकडून त्यांच्या कानावर आलं होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं, हिंदीत: बेअरिंग बदलली, कॉइल नवी. आणि खाली मराठीत: 'मी चिठ्ठीवर विश्वास ठेवला, आवाजावर नाही. मशीनने बरोबर ओळखलं. माझी चूक.'

ज्या महिन्यात नोकरी जाणार की राहणार हे ठरत होतं, त्या महिन्यात ते हे लिहून पंपात बंद करून ठेवत होते. कुणी मागितलं नव्हतं. मी त्या चिठ्ठीचा फोटो काढला. त्यांनी झाकणाचे चारही स्क्रू पिळले आणि मला बसायला स्टूल सरकवलं.

बैठकीत मी त्याआधी कधी बोलले नव्हते. नोंदी घ्यायचे. त्या दिवशी अकरा माणसं होती आणि पडद्यावर ॲपच्या यशाचा तक्ता. सर अभिनंदन करत होते, त्यात माझंही नाव होतं. मी हात वर केला, शाळेसारखा. सगळे थांबले हे फार वाईट झालं. मी कूलरच्या पंपाचा फोटो पडद्यावर लावला आणि मोठा, आणखी मोठा करत गेले, कारण तोपर्यंत मला बोलावं लागत नव्हतं. चिठ्ठी पडदाभर झाली. कुणीतरी ती वाचली, मग शेजारी ॲपचं उत्तर वाचलं. आणि हसायला लागलं. मग कुणीच हसेना.

आतला फोटो घ्यायची पद्धत मी लिहिली होती, मी इंग्रजीत म्हटलं. चिठ्ठ्या असतात हे मला माहीत होतं. मग इंग्रजी संपलं. बाकीचं कुठल्या भाषेत म्हणायचं ते मला एकदम कळलं.

"माझी चूक," मी म्हटलं.

त्या खोलीत ते समजणारे दोनच जण होते, पण अर्थ सगळ्यांना पोचला असावा. सरांनी विचारलं, म्हणजे मिस्त्री कधीच चुकत नाहीत? मी खोटं बोलले असते तर चाललं असतं. मी पंपाचा फोटो लावला, मराठी ओळ इंग्रजीत करून सांगितली. सरांनी तो फोटो स्वतः आणखी मोठा केला. मग म्हणाले, ही चिठ्ठी त्यांनी चाचणी चालू असताना लिहिली?

चाचणी पुन्हा झाली, आतल्या फोटोशिवाय. ॲप कधी बरोबर, कधी चूक. काका जास्त बरोबर, पण चूकही. जिथे दोघांचं एकच उत्तर होतं तिथे मात्र चूक जवळजवळ नव्हती. खोली बंद झाली नाही. काकांच्या हातात एक फोन आला. ते आधी स्वतः ऐकायचे, मग फोनला ऐकवायचे, आणि दोघांचं पटलं नाही तर मालकाला परत बोलावून पुन्हा आवाज काढायला लावायचे. फोनला ते 'हे पोट्टी', म्हणजे ही पोरगी, म्हणायचे. मलाही तेच म्हणायचे, त्यामुळे दोनतीनदा मी उगाच उठून उभी राहिले.

सगळं चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. त्यांचं कंत्राट संपेपर्यंत, आणखी दीड वर्ष, ते खाली होते. मग गुडघे दुखतात म्हणून मुलीकडे वर्ध्याला गेले. त्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही. मोटरी आता टेम्पोनेच बाहेर जातात. सरांनी ॲपमध्ये एक रकाना घातला, 'पुढच्या मिस्त्रीसाठी टीप', आणि तो भरल्याशिवाय काम संपत नाही अशी सोय केली. त्यांचा हेतू चांगला होता. त्या रकान्यात काय येतं ते मी रोज बघते, तेच माझं काम आहे. बहुतेक जण 'ओके' लिहितात. काही जण नुसतं टिंब.

गेल्या उन्हाळ्यात माझा टेबल फॅन पुन्हा वाजायला लागला. कंपनीतून कुणाला तरी बोलावता आलं असतं. ॲप होतं. मी काकांना फोन लावला. त्यांनी तब्येत, आईबाबा, ऊन, काही विचारलं नाही. म्हणाले, "काढ."

मी खिडकी लावली आणि काढला. या वेळी वेगळा होता, थरथरता, खालून येणारा. त्यांनी तीनदा काढायला लावला. मग म्हणाले, "उघड मागून. भिऊ नको, प्लग काढ पहिले. आत दांडीभोवती पितळेचा बुश दिसन, हात लावून पाहा ढिला झाला का."

झाकण निघालं. आत पिवळसर कागद होता, त्या अकराव्या दिवसाचा. तेव्हा तो मी पाहिलाच नव्हता, स्विच दाबायच्या धांदलीत होते. मी फोन खाली ठेवून वाचला. पुढच्या मिस्त्रीला नमस्कार. मान वळवण्याचा दात घासला होता, बदलला. पुढे बुश जाईल. आणि शेवटी, हिंदीतच: 'मालकिन कम बोलती है, मगर ठीक सुनती है. उसकी आवाज़ सच मानना.'

फोनमधून काका विचारत होते, "काय झालं? दिसला का बुश?"

दिसला, मी म्हटलं. ढिला आहे.

बुश पंडरीच्या बाजारात मिळाला. बसवायला मला एक अख्खा रविवार लागला. फॅन सुरू केला तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून भिंतीला तळवा लावून उभी राहिले. माझ्याऐवजी स्विच दाबायला शेजारची मुलगी बोलावली होती, तिला मी काय करतेय ते कळलं नाही. मग झाकण लावण्याआधी मी एक कागद घेतला. तो खास कागद माझ्याकडे नव्हता, बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. पेन्सिलीने नमस्कार लिहिला, बुश बदलल्याचं हिंदीत लिहिलं. आणि खाली, हळूहळू, ऱ्हस्व-दीर्घ आठवत: 'मागचा एक स्क्रू माझ्याकडून हरवला. तीनवरच बसवलं आहे. माझी चूक.'